नागपूरच्या रस्त्यांसाठी ॲडजस्टेबल सस्पेन्शन: उंची आधी, क्लिक नंतर

कॉइलओव्हर, म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड, बसवले की बहुतेकांचा हात पहिल्याच दिवशी बॉनेटखालच्या नॉबकडे जातो. नॉब फिरवताना 'टिक' करून बसणारा एकेक टप्पा म्हणजे क्लिक: गाडी आदळली की दोन क्लिक कडक, पाठ दुखली की चार क्लिक मऊ. महिनाभर हा खेळ करूनही गाडी मनासारखी बसत नाही आणि मग खापर किटवर फुटतं. नॉब हे या कामातलं सगळ्यात शेवटचं हत्यार आहे. त्याआधी टायरची हवा, सांध्यांमधले रबरी बुश, उंची, स्ट्रोक (शॉकअपच्या दांड्याला आत-बाहेर जायची जागा) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन), याच क्रमाने जायचं. उंची चुकलेली गाडी कितीही क्लिक फिरवले तरी सुधारत नाही.

उदाहरणासाठी इथे साधारण १००० किलोची पेट्रोल हॅचबॅक धरली आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पीळ खाणारी आडवी तुळई). आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या अशाच असतात. मोठी गाडी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

घेण्याआधी: स्प्रिंगचा हिशेब

विकणारा किटला 'कम्फर्ट' म्हणतो की 'स्पोर्ट', तिकडे लक्ष देऊ नका. स्प्रिंगचा दर विचारा. दुकानात 'पाच के', 'सहा के' म्हणतात ते हेच: ५ के म्हणजे १ मिमी दाबायला ५ किलो लागणारी स्प्रिंग.

आता कागद-पेन्सिल घ्या. १००० किलोच्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढे असतं, म्हणजे पुढच्या एका चाकावर ३०० किलो. त्यातून चाक, ब्रेक, हब यांचे ३५ किलो वजा केले की स्प्रिंगवर उरतात २६५. कंपनीची स्प्रिंग २.२ के असेल तर गाडी नुसती उभी असताना ती १२० मिमी दबते. ३.५ के असेल तर ७६ मिमी, ५ के असेल तर ५३ मिमी. या दबण्याच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर येतं ते गाडीचं अंग सेकंदाला किती वेळा हेलकावेल त्याचं. १२० ला १.४, ७६ ला १.८ आणि ५३ ला जवळपास २.२.

रोज ऑफिस, शाळा, बाजार आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी एवढा वापर असेल तर १.५ ते १.८ च्या मधे राहा. २ च्या वर गेलात की धरमपेठेतल्या आतल्या गल्लीतला प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो, आणि त्यावर शॉकअपचा कुठलाही क्लिक उपाय नाही. बाजारात पुढे ५-६ के असलेले किट सर्रास मिळतात. मऊ स्प्रिंगा बदलून देत असतील तर बदलून घ्या. सगळ्या खर्चात शहाणपणाचा खर्च हाच.

मागच्या बाजूचा हेलकाव्यांचा आकडा पुढच्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त हवा. ब्रेकरवर पुढचं चाक आधी चढतं, मागचं उशिरा. मागची बाजू जरा चपळ असली तर ती पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि गाडी नांगरासारखी पुढे-मागे खुपसत नाही. टॉर्शन बीमला स्प्रिंग चाकाच्या रेषेत नसते, त्यामुळे वरचा सरळ भागाकार मागे जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे पुढे-मागे दोन्हीकडचे दर जुळवलेला संच घेणं बरं.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या, आणि जुने शॉकअप भंगारात देऊ नका.

बसवताना चार गोष्टी

किट बसवण्याआधी लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड (वळणावरचा झोक आवरणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) आणि टॉप माउंटचं (स्ट्रटची वरची बैठक) बेअरिंग तपासा. ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीत यातलं काहीतरी गेलेलंच असतं. नवा शॉकअप जुन्या बुशवर बसवला की आवाज नव्याचा वाटतो आणि नव्यालाच शिव्या बसतात.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा. जुन्या स्ट्रटची स्प्रिंग सोडवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाताचं हाड मोडते. वरच्या नटला एअर गन लावू नका. त्याने आतला दांडा गरगर फिरतो आणि सील खराब होतं. दांडा ॲलन कीने धरून नट रिंग पान्याने आवळायचा. टॉर्कचे आकडे त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या, अंदाजाने नको.

तिसरी गोष्ट गॅरेजमध्ये हमखास चुकते. लोअर आर्म आणि टॉर्शन बीमच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नसतात. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे हलवा आणि मग आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. त्याने गाडी विनाकारण कडक लागते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. "असंच चालते भाऊ" असं उत्तर आलं तरी चालवून घेऊ नका.

चौथी: ब्रेक होज आणि एबीएसची वायर क्लिपमध्ये बसली आहे का ते स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ताणलेली वायर पहिल्या मोठ्या खड्ड्यात तुटते.

उंची

सपाट सिमेंटच्या जागेवर गाडी उभी करा. पेट्रोल अर्धी टाकी. टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. मे महिन्यात दुपारी पंपावर हवा भरली तर तोच टायर सकाळपेक्षा सहज ३ पीएसआय जास्त दाखवतो. मग भरणारा हवा काढतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टायर मऊ असतो. चालकाच्या सीटवर ५० किलोचं सिमेंटचं पोतं आणि वर एक भरलेली बॅग ठेवली की माणसाचं वजन होतं.

चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजला की तो आकडा खोटा होतो. कॉइलओव्हर बसवण्याआधीचे चार आकडे तर हवेतच. त्यांच्याशिवाय पुढचं सगळं आंधळी कोशिंबीर.

मूळ उंचीपेक्षा १५ ते २० मिमी खाली, एवढंच. त्याहून खाली जायचा मोह आवरण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं सगळ्यांना माहीत आहे, ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे तो २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येतो. कॉलनीत लोकांनी स्वतः घातलेले ब्रेकर उंचीला तेवढेच आणि रुंदीला हातभर असतात. १६५ मिमी क्लिअरन्सच्या गाडीला ३० मिमी खाली घेतलं, त्यात पाच माणसं आणि डिकीत संत्र्याच्या दोन पेट्या ठेवल्या, की पोटाखाली शंभरच्या आसपास मिमी उरतात.

दुसरं कारण फार कमी लोक सांगतात. गाडीखाली वाकून पुढचा लोअर आर्म बघा. त्याचं बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, आतल्या बुशपेक्षा खाली किंवा जास्तीत जास्त समपातळीत हवं. गाडी जास्त खाली घेतली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं. मॅकफर्सन रचनेत त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, झपाट्याने खाली उतरतं आणि गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकते. दिसायला खालची, वळणाला ढिली. मग तो झोक लपवायला लोक क्लिक कडक करतात आणि आराम जातो तो जातोच.

उंची बदलायच्या दोन पद्धती आहेत आणि तुमच्या किटमध्ये कोणती आहे हे आधी ओळखा. काहींमध्ये खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो. त्यात स्प्रिंगला हात न लावता उंची बदलते आणि स्ट्रोक तसाच राहतो. साध्या किटमध्ये स्प्रिंगखालची रिंग वर-खाली करूनच उंची मिळते. रिंग १० मिमी वर नेली की गाडी १० मिमी वर येते, पण शॉकअपची उघडायची जागा तेवढीच कमी होते. मागे टॉर्शन बीमला रिंग १० मिमी हलवली तर चाकापाशी फरक थोडा जास्तच पडतो, म्हणून तिथे पाच-पाच मिमीने जा.

रिंग फिरवण्याआधी आट्या पाणी आणि ब्रशने धुवा, मग थोडं तेल. धुळीसकट फिरवली की ॲल्युमिनियमची रिंग चिकटते आणि सी-स्पॅनरचा दात घसरून बोटं सोलतात. चाक हवेत असतानाच फिरवा. डावी-उजवीकडे सारखे फेरे द्या, खाली उतरवा, गाडी वीस मीटर हलवा, मग मोजा. लॉक रिंग शेवटी.

प्रीलोड आणि स्ट्रोक

प्रीलोड, म्हणजे रिंगने स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं, वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजोगॅरेजी आहे. सरळ दराच्या स्प्रिंगचा दर प्रीलोडने बदलत नाही. ५ के ती ५ केच राहते. बदलतो तो स्ट्रोकचा वाटा. आपल्या ५ के उदाहरणात समजा शॉकअपचा एकूण स्ट्रोक १२० मिमी आहे. प्रीलोड शून्य असताना गाडीच्या वजनाने ५३ मिमी दबलं, म्हणजे चाकाला खाली उघडायला ५३ आणि वर जायला ६७. त्यात बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप शेवटाला आदळू नये म्हणून दांड्यावर असलेलं रबर, ४० मिमीचा असेल तर रबर लागेपर्यंत मोकळी जागा फक्त २७ मिमी. दहा सेंटिमीटरच्या ब्रेकरला ती कशी पुरेल? लोक ज्याला 'कडक सस्पेन्शन' म्हणतात ते बरेचदा बंप स्टॉपवर बसलेलं सस्पेन्शन असतं.

ते तपासायला एक झिप टाय पुरतो. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला, सीलला टेकेल असा, हलक्या हाताने एक प्लास्टिकचा झिप टाय बांधा. धुळीचा बूट वर सरकवावा लागेल. नेहमीच्या रस्त्यावर पाच किलोमीटर फिरून या. एक-दोन ब्रेकर घ्या, एकदा जोरात ब्रेक मारा. परत येऊन बघा झिप टाय कुठे ढकलला गेला आहे. रबराच्या दोन-तीन मिमी आत दाबून बसला असेल तर ठीक, कधीतरी तिथे पोचायलाच हवं. रबर चेपून वरच्या टोकाला गेला असेल तर स्ट्रोक संपतो आहे: स्प्रिंगखालच्या रिंगने गाडी थोडी वर घ्या. रबरापासून तीस-चाळीस मिमी लांबच राहिला असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे किंवा शॉकअप दबूच देत नाही. दांडा खाली आणि नळी वर असलेल्या उलट्या शॉकअपला ही युक्ती चालत नाही.

मागच्या बाजूला एक धोका वेगळा आहे. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्यामुळे शॉकअप लांब ठेवला आणि स्प्रिंग आखूड असली, तर चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल होते, कधी जागेवरून सरकते. गाडी जॅकवर घेऊन मागचं चाक पूर्ण लटकवा आणि हाताने स्प्रिंग फिरवून बघा. खुळखुळली तर प्रीलोड ५ मिमी वाढवा किंवा शॉकअप आखूड करा.

अलाइनमेंट

उंची ठरल्यावर शंभरेक किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बसू द्या, पुन्हा मोजा, आणि मगच अलाइनमेंटला जा. उलट केलं तर पैसे दोनदा जातात. सिमेंटचं पोतं सीटवर ठेवूनच मशीनवर चढवा. पुढे कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) उणे १ ते उणे १.५ अंश, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाच्या आत फरक. एकूण टो (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं किती आत वळली आहेत ते) शून्य ते १ मिमी आत. टो चुकीचा राहिला तर कॅम्बरपेक्षा तोच टायर लवकर खातो. मागचा कॅम्बर टॉर्शन बीमला शिमशिवाय (मधे घालायच्या पातळ चकत्या) बदलत नाही, तिथे फक्त रिपोर्ट बघून ठेवा. जाता जाता हेडलाइटची पातळीही लावून घ्या.

आता क्लिक

एक नॉब असलेल्या किटमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला आवरून धरणं. कंप्रेशन, म्हणजे दबतानाचा विरोध, थोडं सोबत येतं. दोन नॉब असतील तर कंप्रेशन पूर्ण मऊ ठेवून आधी रिबाउंड लावा.

मोजणी नेहमी पूर्ण कडकपासून. नॉब घड्याळाच्या दिशेने दोन बोटांनी फिरवा, थांबला की थांबा. पक्कड लावू नका, आतली सुई तिच्या बैठकीत रुतते आणि मग प्रत्येक क्लिक खोटा पडतो. तिथून उलट मोजत या. एकूण क्लिकांच्या दोन तृतीयांश मऊकडे ही चांगली सुरुवात आहे: २४ क्लिकचं किट असेल तर चारही चाकांना १६.

चाचणीचा रस्ता एकच ठरवा आणि तोच वापरा. नागपुरात सिमेंटचे रस्ते पसरल्यामुळे हे काम सोपं झालं आहे. सिमेंटच्या पट्ट्यात सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे रस्त्यानेच तुम्हाला मोजपट्टी दिली आहे. रिंग रोडचा रिकामा पट्टा, सेमिनरी हिल्सची चढ-उताराची वळणं आणि घराजवळचे दोन नेहमीचे ब्रेकर, एवढा फेरा पुरे. वेळ सकाळी सहाची. रहदारी नसते, आणि पोह्यांच्या गाड्या लागेपर्यंत दोन फेरे होतात.

सांध्यांवरून आधी ३० च्या वेगाने जा. या वेगाला सेकंदाला दोनेक सांधे लागतात, म्हणजे गाडीच्या अंगाच्या स्वतःच्या लयीजवळ. गाडी बैलगाडीसारखी डुलायला लागली आणि सांधे संपल्यावरही एक-दोन हेलकावे राहिले, तर रिबाउंड कमी आहे. दोन क्लिक कडक.

मग ६० ने. आता सेकंदाला जवळपास चार सांधे. इथे उलटा दोष सापडतो आणि नवखे इथेच फसतात. रिबाउंड जास्त कडक असेल तर चाक एका सांध्यावर दबतं, परत पूर्ण उघडायच्या आत दुसरा सांधा येतो. प्रत्येक सांध्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर येऊन आदळायला लागते. बसणाऱ्याला वाटतं गाडी मऊ आहे, आदळते आहे, म्हणून तो आणखी कडक करतो. ओळखायची खूण सोपी: पहिले दोन-तीन सांधे ठीक लागतात आणि पुढचे हळूहळू जास्त बोचतात. असं झालं तर तीन-चार क्लिक मऊ करा. पहिला आणि दहावा सांधा सारखाच 'ठप' करून गेला की सेटिंग जवळ आलं.

एका वेळी एकच टोक बदला, पुढचं किंवा मागचं, आणि दोन्ही बाजूंना सारखंच. सुरुवातीला चार-चारच्या उड्या, मग दोन, शेवटी एक. वहीत तारीख, वेळ, तापमान आणि क्लिक लिहा. तापमान का? शॉकअपमधलं तेल गरम झालं की पातळ होतं. जानेवारीच्या पहाटे १० अंशांत छान वाटलेलं सेटिंग मे महिन्याच्या ४५ अंशांत एक-दोन क्लिक ढिलं वाटू शकतं. म्हणून उन्हाळ्याचं आणि थंडीचं असे दोन आकडे असू द्या.

वळणावर गाडीचं नाक बाहेर पळत असेल तर पुढे दोन क्लिक मऊ किंवा मागे दोन कडक. पावसाळ्यात मात्र मागचं दोन-तीन क्लिक मऊ करा. ओल्या सिमेंटवर मागची बाजू कडक असलेली हलकी हॅचबॅक ब्रेक मारताना शेपूट हलवते.

शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागणार असाल तर आणखी एक बघा. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, आणि त्या वेगाला शहरात आरामशीर वाटलेली गाडी लेन बदलताना तरंगल्यासारखी होते. निघण्याआधी चारही चाकं दोन क्लिक कडक, परत आल्यावर पुन्हा मऊ. हवा सकाळी थंड टायरात तपासलेली असू द्या, माल भरला असेल तर स्टिकरवरच्या भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे.

आवाज आणि गळती

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना 'टंग' असा आवाज आला तर स्प्रिंग टॉप माउंटवर अडकून सुटते आहे: बेअरिंग बघा. लहान खड्ड्यांवर सुकी टकटक येत असेल तर बहुधा लिंक रॉड किंवा सैल लॉक रिंग. लिंक रॉड जुन्या लांबीचाच ठेवून गाडी खाली घेतली असेल तर अँटी-रोल बारचा कोन बिघडतो. आखूड, लांबी बदलता येणारा लिंक रॉड घ्या आणि गाडी चाकांवर असताना बसवा.

पावसाळा संपला की चिखल धुऊन आट्यांवर मेणाचा किंवा कोरड्या सिलिकॉनचा थर द्या. ग्रीस थापू नका, त्यावर धूळ बसून सॅंडपेपर होतो. दांड्यावर तेलाचा पुसट ओशटपणा चालतो. थेंब ओघळून नळी ओली झाली असेल तर ती दोन्ही बाजूंची जोडी उतरवा आणि रिबिल्डला पाठवा. तोवर काढून ठेवलेले जुने शॉकअप लावा.